डाव्या हाताचा घास

१ जून, रविवार

आणि बाबा परत तेच बोलले. "तुझ्या पायाला भिंगरी आहे." असू दे की! भिंगरी नसती तर मी अजून खाडीच्या चिखलात कालवं काढत बसलो असतो. स्वतः शारजात सव्वीस वर्षं एकाच दुकानात, एकाच काऊंटरमागे उभे राहिले, त्याला ते स्थिर माणूस म्हणतात. मी तीन वर्षांत तीन कामं बदलली तर मी भटका. लाँड्रीतली वाफ सोसवेना म्हणून ती सोडली. गाड्या धुवायचं सोडलं कारण तिथला मालक पगाराचं विचारलं की नुसतं इन्शाल्ला म्हणायचा. आता दुबईत अल क्वोजच्या कोल्ड स्टोअरमध्ये खोके उचलतो, तर यांचं म्हणणं आता इथेच चिकटून राहा.

आज फोनवर पाऊण तास भांडलो. म्हणाले, "कोंबड्या कापायला ब्राझील? खेडच्या बाजारात कोंबड्या संपल्या काय?" मी म्हटलं, "बाबा, खेडात महिन्याला कापतात तेवढ्या तिकडे चहा पिऊन होईपर्यंत कापून होतात." तर म्हणाले, "मग तर अजिबात नको."

गोष्ट अशी आहे. आम्ही इथे जी फ्रोझन कोंबडी उतरवतो ती निम्म्याहून जास्त ब्राझीलची. तिकडच्या कारखान्यांना हलाल कापणारी मुसलमान माणसं लागतात, कारण तिथले लोक ख्रिश्चन. माझा आतेभाऊ इर्शादभाई दोन वर्षं तिकडेच आहे, पराना नावाच्या राज्यात. करामाच्या एजंट मॅडम म्हणतात त्याच कारखान्यात एक जागा झाली आहे, पगार इथल्या दुप्पट. पासपोर्ट आणि होकार तीस तारखेच्या आत पाहिजे. मी होकार देणार. पासपोर्ट माझा आहे, बाबांचा नाही.

लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की मुजीब विचार न करता गेला.

३ जून, मंगळवार

आज डोकं फिरलं. नबिला, माझी धाकटी बहीण, यंदा दहावीला. शेजारच्या पोरीचं जुनं भूगोलाचं पुस्तक घेऊन बसली आहे, आणि त्यात अर्धा भारत आणि अर्धा ब्राझील! मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी नववीत शाळा सोडली. अजून एक वर्ष टिकलो असतो तर ब्राझीलला फुकटात पोचलो असतो.

जेवणाच्या सुट्टीत तिला फोन लावला. मास्तरणीसारखी म्हणाली, "दादा, आधी सांग, तुला काय माहिती आहे?" मी म्हटलं, जंगल, फुटबॉल, गरमी. ती इतकी हसली की आई आतून ओरडली.

मग तिने वाचून दाखवलं. ब्राझील आपल्या भारताच्या अडीचपटीहून मोठा. आणि माणसं किती? एकवीस कोटी. मी म्हटलं परत बघ, एखादं शून्य राहिलं असेल. नाही, एकवीसच. एवढ्या मोठ्या देशात आपल्या एका युपीएवढी पण माणसं नाहीत! मग बाकीची जागा करतात काय? तर वर अॅमेझॉनचं जंगल, तिथे रोज दुपारी पाऊस. ईशान्येला पाऊसच नाही, दुष्काळी पट्टा. आणि सगळी माणसं समुद्राच्या कडेने गर्दी करून राहतात. राजधानी रिओ नाही, ब्राझिलिया म्हणून आहे, ती मुद्दाम आत नेऊन बांधली. आपली गीर गाय तिकडे नेऊन त्यांनी दुधाच्या नद्या काढल्या. कॉफी, ऊस, सोयाबीन, लोखंड, आणि आमची कोंबडी. कोंबडीला चारा कुठून येतो ते मला आज कळलं. मका आणि सोयाबीन दारातच पिकतं, म्हणून कोंबडी स्वस्त.

सगळ्यात मोठा धक्का हा की जून महिन्यात तिकडे थंडी असते. विषुववृत्ताच्या खाली सगळं उलटं. मे महिन्यात उन्हाळा नाही, डिसेंबरात उन्हाळा. मी इकडे शेहेचाळीस डिग्रीत स्टोअरच्या दारात उभा राहून हे ऐकतोय आणि घाम डोळ्यात जातोय.

इर्शादभाईला व्हॉइस पाठवून विचारलं, खरं काय? त्याचा व्हॉइस आला. "खरं आहे. सकाळी गवत पांढरं असतं. दव नाही, गोठलेलं असतं. हात तर असे बधिर होतात की आपले वाटत नाहीत."

मी परत पाठवलं, "अरे मी रोज मायनस अठरात काम करतो, मला थंडी शिकवतोस?" त्यावर त्याने हसायचा इमोजी पाठवला. एकच.

५ जून, गुरुवार

एक विचार मनातून जात नाही. इर्शादभाई म्हणाला, तिकडे नमाजाला तोंड पूर्वेला करतात. पूर्वेला! जन्मापासून मी खाडीच्या बाजूला तोंड करून उभा राहिलो, सूर्य बुडतो त्या बाजूला. इथे दुबईत पण साधारण तीच बाजू. माणूस इतका लांब जातो की मक्का त्याच्या मागे राहते आणि उलटं फिरून बघावं लागतं. कारखान्यात कोंबड्यांची साखळी पण त्या दिशेने बसवली आहे म्हणे. पायाने उलट्या लटकून कोंबड्या पुढे सरकत येतात, माणूस जागेवर उभा, प्रत्येकीला बिस्मिल्ला म्हणायचं आणि सुरी. मिनिटाला वीस.

मला जमेल का? घरी बारा वर्षांचा असताना बाबांनी एकदा कोंबडा धरायला दिला होता. माझ्या हातून सुटला आणि अर्धा कापलेला अंगणभर धावला. शेजारी अजून चिडवतात. पण तो एक कोंबडा होता. हजारो असले की माणूस विचार करत नसेल. असं मला वाटतं.

६ जून, शुक्रवार. बकरी ईद

सकाळी नमाज, मग मेसमध्ये बिर्याणी. सगळ्यांनी नवे शर्ट घातले आणि फोटो काढायला मॉलला गेले. मी गेलो नाही. संध्याकाळी सातला इर्शादभाईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपारचे बारा.

आधी तो दिसला नाही, मागची खोलीच दिसली. लाकडी भिंती! आणि एक गोरी म्हातारी, केस सोनेरी, लाकडाच्या चुलीजवळ बसून नळीने काहीतरी ओढतेय. मी म्हटलं, "ही कोण इंग्रज?" तो हसला. "घरमालकीण. ब्राझीलचीच. हिचे आजे-पणजे जर्मनीहून आले. इथे निम्मं गाव असंच आहे. बाकी इटलीचे, पोलंडचे. माझ्या शेजारी साखळीवर हैतीचा माणूस, पलीकडे बांगलादेशी. आणि गावातला भाजीवाला जपानी." मी म्हटलं, "मग ब्राझीलचे लोक कुठे आहेत?" तो म्हणाला, "हेच ते."

मी हा शोध नबिलाला सांगणारच होतो, तेवढ्यात ते बघितलं. त्याने मांडीवर ताट घेतलं होतं, भात, काळे घेवडे, मटण. आणि चमचा डाव्या हातात. डाव्या! उजवा हात जॅकेटच्या खिशात घालून आरामात, हिरोसारखा. ईदच्या दिवशी! तो आत्याचा मुलगा, ज्याला आत्याने लहानपणी डाव्या हाताने पाणी प्यायलं म्हणून सगळ्यांसमोर फटका मारला होता. दोन वर्षांत माणूस एवढा बदलतो?

स्क्रीनशॉट काढला. आईला पाठवला आणि खाली लिहिलं, बघ तुझ्या भाच्याची थेरं.

८ जून, रविवार

आईने तो फोटो आत्याला दाखवला. मला वाटलं दोघी हसतील, शिव्या देतील, झालं. पण आत्या अंगणातच खाली बसली म्हणे. "माझा पोर गेला माझ्या हातातून." मग शेजारणीला दाखवला, तिने पुढे. काल मशिदीबाहेर बाबांना दोघांनी विचारलं, "इर्शाद तिकडे जाऊन बाटला काय? मागे ती गोरी बाई कोण?" मागची बाई सत्तर वर्षांची आहे हे कोणी बघितलं नाही.

बाबा फोनवर म्हणाले, "बघ, तुझ्या ब्राझीलचे रंग."

मी म्हटलं, मी तसा होणार नाही. मी उजव्याच हाताने जेवीन.

१५ जून, रविवार

आठवडाभर लिहिलं नाही. चार कंटेनर एकामागोमाग आले. सांतोस आणि परानाग्वा या बंदरांतून निघून महिना-सव्वा महिना समुद्रात, मग जेबेल अलीला, मग आमच्या खांद्यावर. खोक्यावर तारीख एप्रिलची. मी एक खोका उचलला आणि मनात आलं, यातली एखादी कोंबडी इर्शादभाईने कापलेली असेल. पण मार्चनंतर तो स्वतःच्या कामाचं काही बोलतच नाही. मी विचारलं की म्हणतो, "चाललंय." मी विचारलं, मी येऊ ना? तर म्हणतो, "तू तुझं बघ, नीट बघ." याचा अर्थ ये असाच ना?

आत्या त्याचा फोन उचलत नाही. आठ दिवस झाले. आई सांगते, त्याने पाठवलेले पैसे बँकेत तसेच पडून आहेत, आत्या म्हणते ते पैसे मी शिवणार नाही.

मला वाईट वाटलं. पण चूक त्याचीच आहे.

२० जून, शुक्रवार

हे आजच लिहून काढतो, नाहीतर झोप येणार नाही.

एजंट मॅडमचा फॉर्म सगळा इंग्रजीत, म्हणून आमचे स्टोअरचे सुपरवायझर विलासदादा म्हणाले, सुट्टीला घरी ये, भरून देतो. ते चिपळूणचे, इंटरनॅशनल सिटीत राहतात. अनुपमा वहिनींनी थालीपीठ केलं होतं. त्यांची मुलगी इशिता तेरा वर्षांची, इथेच जन्मली. तिला मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत देते.

विलासदादा फॉर्म भरता भरता म्हणाले, "अरे, दुबई सोडून पहिल्यांदा कोणी थंडीत चाललेला बघतोय. तिकडे स्वेटर काय भाड्याने मिळणार?"

मी म्हटलं, "कंपनीचं जॅकेट आहे ना."

"ते कंपनीला परत द्यावं लागतं, हबीबी!"

फॉर्मवर तिकडच्या ओळखीच्या माणसाचं नाव पाहिजे होतं. मी इर्शादभाईचा नंबर काढायला मोबाईल दिला, तर इशिताने तो ईदचा फोटो बघितला.

"हू इज धिस?"

"माझा आतेभाऊ."

"इज ही लेफ्टी?"

"नाही गं. डाव्या हाताने साधा बॉल टाकता येत नव्हता त्याला. तिकडे जाऊन बिघडलाय."

"देन व्हॉट हॅपन्ड टू हिज राइट हँड?"

अनुपमा वहिनी म्हणाल्या, "इशिता, मराठीत बोल त्यांच्याशी."

ती थोडी अडखळली आणि म्हणाली, "त्यांचा राइटवाला हात कुठे आहे?"

"खिशात."

"ऑल द टाइम?"

तिने बोटाने मागचे फोटो सरकवले. मार्चपासूनचे चार फोटो. एका फोटोत हात पाठीमागे. एकात फोटो कोपरालाच कापलेला. एकात खिशात. एकात रुमाल गुंडाळलेला, मी तेव्हा विचारलं होतं तर म्हणाला होता घाम पुसायला.

थालीपीठ माझ्या हातातच राहिलं. विलासदादांनी पेन खाली ठेवलं. "फॉर्म आज राहू दे," म्हणाले.

बसमध्ये मी ते चार फोटो परत परत मोठे करून बघितले.

२१ जून, शनिवार

त्याचे सगळे व्हॉइस परत ऐकले, पहिल्यापासून. मार्चच्या आधी तो लांबलचक टाईप करून पाठवायचा, कधी मराठीत कधी इंग्रजी अक्षरांत, चुका काढायचा माझ्या. मार्चनंतर एक अक्षर टाईप केलेलं नाही. नुसता आवाज. मी म्हणायचो, इर्शादभाई आता मोठा माणूस झाला, टाईप करायला वेळ नाही.

आणि दुसरी गोष्ट. सदतीस व्हॉइस आहेत. पूर्ण ऐकले. त्यात एकदाही तो मला "ये" म्हणालेला नाही. एकदाही नाही! पगार सांगितला, थंडी सांगितली, लाल माती सांगितली, ती चपलेवरून निघत नाही म्हणाला. थंडीत बाजारात मिळणाऱ्या पाइनच्या बिया भाजून खायचं सांगितलं. "ये" हा शब्द सगळ्या ठिकाणी माझाच आहे.

२२ जून, रविवार

दुपारी चारला फोन लावला. तिकडे सकाळचे नऊ. रविवार, कारखान्याला सुट्टी. पहिल्या रिंगला उचलला.

मी सरळ म्हटलं, "उजवा हात दाखव."

मग त्याने कॅमेरा खाली केला. हात दिसला. जखम नाही, काही नाही. पाची बोटं जागेवर. मला आधी हायसं वाटलं. मग तो म्हणाला, "आता बघ," आणि मूठ वळायला गेला. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली, आणि थरथरायला लागली. अंगठ्याच्या बुंध्याचं मांस गेलेलं, खड्डा पडलाय. चमचा धरता येत नाही. बटण लावता येत नाही.

"कापलं काय?"

"कापलं असतं तर बरं झालं असतं. दिवसाला आठ हजार, मुजीब. तीच सुरी, तोच झटका. रात्री हात जागा व्हायचा आणि मला उठवायचा. मी कोणाला सांगितलं नाही. मार्चमध्ये सुरी हातातून गळून पडली, तेव्हा त्यांना कळलं."

म्हणजे मार्चपासून तो कामावर नाही. नोकरीवरून काढलेलं नाही, आजारपणाच्या रजेवर आहे. सरकारकडून पैसे मिळायचे आहेत, कागद फिरताहेत. हाताचं ऑपरेशन करायचं आहे. आणि ऐकून मला खरं वाटेना, तिकडे सरकारी दवाखाना फुकट आहे, परदेशी माणसाला पण! आपण इथे दात दुखला तरी विमा कार्ड शोधतो. पण रांग आहे. त्याचा नंबर ऑगस्टमध्ये येईल म्हणाले. तोवर ती जर्मन म्हातारी भाडं मागत नाही, तो तिची लाकडं एका हाताने आत आणून देतो.

मी विचारलं, "मग कारखान्यात जी जागा झाली आहे..."

"माझीच आहे ती."

जागा झाली, जागा झाली म्हणून मी महिनाभर नाचत होतो.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होतो. तू इतका खूश होतास. वाटलं, तुझे बाबा थांबवतील." मग म्हणाला, "मी तुला ये म्हणालो कधी?"

"नाही."

मग त्याने ते विचारलं ज्याची मला भीती होती. "आई फोन उचलत नाही रे. तिला हाताचं कळलं की काय? तुझ्या कानावर काही आलं?"

मी म्हटलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल.

"तिला सांगू नको हं. ती म्हणेल आत्ताच्या आत्ता परत ये. मी निघालो की नंबर गेला, हात कायमचा गेला. हात घेऊनच घरी येणार मी. शपथ घे."

मी शपथ घेतली.

२४ जून, मंगळवार

काल कामावर दोन खोके माझ्या हातून पडले. विलासदादांनी बाजूला घेतलं, मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हाताचं सांगायचं नाही, आणि डाव्या हाताने खाल्लं ते सगळ्या गावाने बघितलंय. मग त्या बाईला सांगणार काय?"

तोच तर प्रश्न आहे. मी खरं सांगितलं तर शपथ मोडते, आणि आत्या त्याला परत बोलावणार म्हणजे बोलावणारच, ती रडून घर डोक्यावर घेईल. नाही सांगितलं तर तो मेला असं धरून ती त्याला विसरून बसणार. आणि हे कोणी केलं? मी. एक फोटो, आणि खाली चार शब्द.

आईला विचारलं आत्या कशी आहे. म्हणाली, "जेवत नाही नीट. म्हणते पोराला मीच वाढवायला चुकले."

शर्टाच्या खिशातला हात बघितला, जॅकेटमधला हात बघितला, आणि मी त्याला हिरो म्हणालो. नववी नापासला एवढंच दिसणार.

२६ जून, गुरुवार

करून टाकलं.

दुपारच्या सुट्टीत आत्याला फोन लावला. आईला आधी सांगितलं होतं, तू तिच्याजवळ बस, स्पीकर लाव. बाबा पण तिथेच होते, ते मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "आत्या, मी गाढव आहे."

आत्या म्हणाली, "ते जुनं आहे. नवं सांग."

मी म्हटलं, "मोबाईलचा पुढचा कॅमेरा आरशासारखा असतो. आरशात उजवा हात डावा दिसतो ना? तसंच. इर्शादभाई उजव्याच हाताने जेवत होता. मी उलटा फोटो पाठवला. आज इकडच्या एका पोरीने मला समजावलं."

मग आत्या हळू म्हणाली, "आरशासारखा?"

"हो. नबिलाला विचार, ती सेल्फी काढते तेव्हा शर्टावरची अक्षरं उलटी येतात की नाही."

नबिला मागून म्हणाली, "येतात." मग थांबली. तिला माहीत आहे की समोरच्याला सरळच दिसतं. तिला माहीत आहे, मी शंभर टक्के सांगतो. पण ती पुढे काही बोलली नाही. पोरगी हुशार आहे.

आत्या रडायला लागली. "मेल्या, वीस दिवस! वीस दिवस मी माझ्या पोराचा फोन उचलला नाय! जीभ झडो तुझी!" मग आई रडायला लागली. मग बाबांचा आवाज आला, "नववीपर्यंत शिकलास की नववीपर्यंत झोपलास? सगळ्या गावात आमची शोभा केलीस. आता जमातीत जाऊन मी काय सांगू, आमच्या पोराला डावं-उजवं कळत नाही?"

"सांगा," मी म्हटलं.

आणि बाबा खरंच सांगणार. आता गावात गेलो की पोरं विचारणार, मुजीब, डावा कुठला? आयुष्यभर पुरेल.

पण अर्ध्या तासात इर्शादभाईचा व्हॉइस आला. "आईने स्वतः फोन केला! तासभर बोलली! मी काय खातो, कोणत्या हाताने खातो, सगळं विचारलं. तू तिला काय सांगितलंस?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. फोटोचं, खालच्या चार शब्दांचं, सगळं. लपवलं नाही. वाटलं, आता हा शिव्या घालेल. बराच वेळ निळी खूण नुसती दिसत राहिली. मग आला, पाच सेकंदांचा व्हॉइस. त्यात तो हसत होता. पण ते हसणं पूर्ण नव्हतं. शेवटी म्हणाला, "चल, निदान आईचा आवाज ऐकला."

त्याने मला माफ केलं असं तो म्हणाला नाही. मी पण विचारलं नाही.

३० जून, सोमवार

करामाच्या मॅडमना नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "खलास? नक्की? माझ्याकडे दुसरी चार पोरं उभी आहेत." मी विचारलं, "त्या जागेवर आधी जो होता तो का गेला, ते त्या पोरांना सांगितलंत का?" त्या म्हणाल्या, "भय्या, आपण फक्त कागद करतो."

बाबांना फोनवर सांगितलं की जात नाही. त्यांनी इतकं मोठं अलहमदुलिल्लाह म्हटलं की मला मोबाईल कानापासून लांब धरावा लागला. "बघ, शेवटी बापाचं ऐकलंस ना?" मी हो म्हटलं. त्यांना वाटतंय ते जिंकले. राहू दे. जन्मात एकदा तरी ते माझ्यावर खूश झाले, आणि तेही चुकीच्या कारणासाठी.

नबिलाने आज विचारलं, "दादा, ब्राझीलच्या धड्याखाली एक प्रश्न आहे. ब्राझीलमध्ये लोक कुठल्या कुठल्या देशांतून येऊन राहिले? मी जर्मनी, इटली, जपान, आफ्रिका लिहिलं. अजून काही?"

मी म्हटलं, "खेड, तालुका रत्नागिरी लिही."

"जिल्हा रत्नागिरी, दादा. तालुका खेड."

४ जुलै, शुक्रवार

इर्शादभाईच्या ऑपरेशनची तारीख आली, अकरा ऑगस्ट. त्यानंतर तीन महिने हाताला विश्रांती. सरकारी पैसे अजून सुरू नाहीत, आणि साठवलेले जूनपर्यंतच पुरले. तो म्हणाला, आईला पैसे थांबले की ती विचारेल. आत्ता कुठे तिचा विश्वास बसलाय. मी म्हटलं, मी पाठवतो. तो नको म्हणाला, तीनदा. मग एकदा काही बोलला नाही, आणि मी तो हो समजलो. यावेळी तरी बरोबर समजलो असेन.

आत्याला सांगितलंय की तिकडच्या बँकेत काही अडचण आहे, म्हणून इर्शादभाईचे पैसे मुजीबच्या हातून येतील. ती म्हणाली, "तुझ्या हातून? कोणत्या, डाव्या की उजव्या?" आणि स्वतःच हसली.

एक्स्चेंजच्या रांगेत दीड तास गेला. काऊंटरवरच्या पोराने आकडा दिरहममध्ये विचारला. मी म्हटलं नाही, रुपयांत लाव, कारण इर्शादभाईकडून तिला दर महिन्याला एकच आकडा येतो आणि तो एका रुपयानेही हलून चालणार नाही. वीस हजार रुपये बरोब्बर. आठशे चौपन्न दिरहम, सत्तर फिल्स.